महादरवाजा, सुगरणीचं घरटं आणि बाहेर उभा असलेला शत्रू

घाटमाथा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक विषय डोक्यात घोळतोय, आज सवड काढून धागा टाकतोय.

दसऱ्याच्या सुमारास रायगड पायऱ्यांनी चढलो. पाऊस नुकताच सरलेला, कातळ अजून पाझरत होता. महादरवाजाचे दोन बुरूज, एक सुमारे ७५ फूट उंच आणि दुसरा ६५, खालून केव्हाचे दिसत असतात. पण त्यांच्यामधलं दार काही केल्या दिसत नाही. शेवटचं वळण घेऊन बुरजांच्या कुशीत शिरलो तेव्हा कुठे ते समोर आलं. थांबून वर पाहिलं तर तटातल्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, माझ्यावरच रोखलेल्या. दोन्ही अंगांना भिंत, पुढे दार, मागे तीव्र उतार. मी साधा वाटसरू, तरी तिथे दोन मिनिटं अंग चोरून उभा राहिलो.

त्याआधी, भर पावसाळ्यात, मामाच्या शेतावर होतो. विहिरीवर बाभूळ झुकलेली आहे आणि तिच्या पाण्याकडच्या फांद्यांना सुगरणीची दहा-बारा घरटी लोंबत होती. (नाव सुगरण, पण विणकाम सगळं नराचं. पातीचा एकेक धागा चोचीत धरून तो शेकडो खेपा घालतो.) एक कावळा आला. घरट्याच्या फुगीर भागावर बसायला गेला तर सगळं घरटंच गरकन फिरलं. मग खालच्या नळीला पाय अडकवून उलटा लोंबकळला, पंख फडफडवले, नळीच्या तोंडाशी चोच नेली. पण नळी लांब आणि अरुंद, तोंड थेट खाली पाण्याकडे. आतली अंडी वरच्या कोनाड्यात, मधल्या आडव्या उंबऱ्याच्या पलीकडे. कावळ्याला टेकायला जागाच नाही. तिसऱ्या खेपेला तो निघून गेला. थोड्या वेळाने सुगरणीची मादी आली आणि पंख मिटून खालून सरळ नळीत शिरली. घरटं जेमतेम हललं.

तेव्हापासून मला वाटतंय की संरक्षणाची कुठलीही रचना म्हणजे शत्रूचं चित्रच असतं. दार लपवलंय, म्हणजे बाहेरच्याकडे तोफ आहे, हत्ती आहे. घरट्याची नळी खाली आहे, म्हणजे बाहेरच्याला पंजे आहेत पण हवेत एका जागी थांबता येत नाही. काटा, कवच, तट, चीक, काहीही घ्या. ते कोणासाठी आहे हे नीट पाहिलं तर न दिसणारा शत्रू दिसायला लागतो. तुमच्या पाहण्यातली उदाहरणं सांगा, मग ती किल्ल्यावरची असोत की परसातली.

चुनागच्ची
घाटमाथा, छान धागा. जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत माझी वीस वर्षं गेली, म्हणून दाराबद्दल थोडं अधिक लिहितो.

या बांधणीला आपण गोमुखी म्हणतो. बुरूज पुढे काढून दार त्यांच्या कुशीत घ्यायचं. यातला पहिला फायदा असा की समोरच्या डोंगरावरून दाराला तोफेचा नेम धरता येत नाही. दुसरा, आणि माझ्या मते मोठा, म्हणजे शत्रूला धाव घ्यायला जागा उरत नाही. हत्ती असो की ओंडका घेतलेली माणसं, दार फोडायला दहा-वीस पावलांची सरळ धाव लागते. वळण दिलं की ती धावच मोडते. आणि वळताना माणसाची कूस उघडी पडते ती नेमकी बुरजाच्या बाजूला.

शत्रूचं चित्र म्हणताय तर पुण्यात शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहा. दारावरचे अणकुचीदार खिळे हत्तीचं गंडस्थळ जिथे टेकेल त्या उंचीला आहेत. मी मोजमापासाठी एका जुन्या दारापाशी उभा होतो तेव्हा खिळ्यांची शेवटची ओळ माझ्या हाताला लागेना. माणसासाठी ते खिळे नव्हतेच. हत्तींच्या फौजा गेल्या, पण हत्तीची उंची दारावर तशीच लिहिलेली राहिली.

राजगडाच्या संजीवनी माचीवर (माची म्हणजे गडाचा डोंगरसोंडेवरचा तटबंद भाग) तर दुहेरी तट आहे. बाहेरच्या तटाने आतल्याला चिलखत घातल्यासारखं, म्हणून चिलखती बुरूज. मधली बोळ इतकी अरुंद की दोन माणसं जोडीने धड चालू शकत नाहीत. बाहेरचा तट पाडून शत्रू आत आला तरी त्या बोळात तो एकामागे एक उभा, आणि डोक्यावर आतला तट. अडीच किलोमीटर लांबीची ती चिंचोळी माची तोफेसमोर उघडी होती, म्हणून तिथेच एवढा खटाटोप. जिथे कडा ताशीव आहे तिथे बांधकाम बेताचं.

बाभळीची सावली
मी माणदेशातली. आमच्याकडे किल्ल्यापेक्षा बाभळी जास्त, तेव्हा बाभळीचं सांगते.

लहानपणी अण्णांबरोबर शेळ्यांमागे जायचे. बाभळीचं रोप गुडघ्याएवढं असतं तेव्हा त्याचे पांढुरके काटे बोटाएवढे लांब, जोडी-जोडीने. नुसती पानं दिसलीत म्हणून हात घातला तर रक्त ठरलेलं. तीच बाभूळ जुनी, उंच झाली की वरच्या फांद्यांचे काटे आखूड होतात, कितीतरी फांद्यांना नसतातच. शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून जिथवर तोंड नेते तिथवरची राखण कडक, त्याच्या वर ढिली. चुनागच्ची दादा, तुमच्या दारावर हत्तीची उंची आहे तशी आमच्या बाभळीवर शेळीची.

पण शेळीही काही कमी नाही. तिचे ओठ पाहिलेत का जवळून? काट्यांच्या जोडीमधून एकेक बारीक पान इतकं अलगद खुडते की पाहत राहावं. काटा तिला पूर्ण थांबवत नाही, वेळ लावतो. एका झाडापाशी घासागणिक वेळ लागायला लागला की शेळी पुढच्या झाडाकडे जाते. झाडाला तेवढंच हवं असतं.

आणि अण्णांच्या खांद्यावर आकडी असायची, लांब काठीला विळा बांधलेली. ती वर घालून ते बिनकाट्याच्या फांद्या खाली पाडायचे. शेळ्या धावत यायच्या. बाभळीच्या हिशेबात आकडीवाला माणूस नव्हता. आणि खालच्या काटेरी फांद्या तोडून त्यांची फेसाटी, म्हणजे काट्यांचं कुंपण, आम्ही करडांच्या कोंडाळ्याभोवती लावायचो, लांडग्यासाठी. एकाची राखण दुसऱ्याने उचलून नेली म्हणायची.

पांढरीची_माती
आमच्या गावात पडकी गढी आहे. खाली दगड, वर पांढरीच्या मातीचे पुरुषभर जाड तट. लहानपणी वाटायचं, दगड परवडला नसेल म्हणून माती. पण दगडी भिंत तोफेच्या गोळ्याने तडकते, ढासळते. मातीत गोळा रुतून बसतो. राजस्थानात भरतपूरच्या मातीच्या तटांवर इंग्रजांच्या लेक साहेबाने १८०५ साली चार हल्ले केले आणि चारही फसले. आमच्या गढीची माती मात्र लोकांनी खत म्हणून शेतात नेली. निम्मी गढी आता पिकांत आहे.

गडगा
तळकोकणातून लिहितोय. भिंत अजिबात नसलेली राखण सांगतो.

आमच्या गावामागच्या कड्यावर आग्या मोहोळ असतं. सातेरी मधमाश्या झाडाच्या ढोलीत, बिळात पोळी करतात, पण आग्याचं पोळं उघड्यावर, कड्याच्या पुढे आलेल्या कपाळाखाली. एकच मोठा पडदा. त्यावर माश्यांचे थरच्या थर एकमेकींना धरून बसलेले. मध आणि पिल्लं आत, माश्यांची भिंत बाहेर. तट नाही, दार नाही, अंगच तट.

दुर्बिणीतून पाहत होतो तेव्हा एक गांधीलमाशी पोळ्यासमोर घिरट्या घालत आली. पोळ्याच्या एका कोपऱ्यातल्या माश्यांनी झटकन पोटाची टोकं वर उचलली, लगेच शेजारच्यांनी, मग त्यांच्या शेजारच्यांनी. शेतातल्या भातावरून वाऱ्याची झुळूक जावी तशी काळसर लाट पोळ्यावरून सरसरत गेली. डोळ्याचं पातं लवायच्या आत. गांधील मागे हटली. पुन्हा आली, पुन्हा लाट. एकही माशी जागची उडाली नाही, एकही मेली नाही. शास्त्रज्ञांनी या लाटांचा बारकाईने अभ्यास केलाय. पोळ्यापासून माशी उचलायला टपलेल्या गांधिलीला ही लाट लांबच रोखते. डंख हा त्यानंतरचा उपाय, कारण डंख मारणारी माशी जिवाला मुकते. लहान शत्रूला लाट, मोठ्याला डंख.

कड्यावर भटकणाऱ्यांना हात जोडून विनंती: पोळ्याखाली धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा नको. त्यांच्या लेखी तुम्ही मध लुटायला आलेलं मोठं जनावर असता. आणि मोहोळ उठलंच तर झटापट न करता तिथून दूर पळायचं, तोंड-डोकं झाकून.

घाटमाथा, तुमच्या धाग्याला धरून एक गोष्ट. माश्यांनी जो कडा निवडला तोच किल्ला बांधणाऱ्यांनीही निवडला. कितीतरी गडांच्या कड्यांना आग्या मोहोळं आहेत.

तेलबैला
वाचतोय, आवडतंय. पण एक शंका. किल्ला माणसाने विचार करून बांधला. बाभळीने किंवा सुगरणीने शत्रूचा विचार केला नाही. मग दोन्हीला एकच मोजपट्टी कशी लावायची?

घाटमाथा
तेलबैला, शंका रास्त आहे. बाभळीने काही ठरवलं नाही. ज्या रोपांना काटे कमी होते ती शेळ्या-हरणांच्या पोटात गेली, ज्यांना जास्त होते त्यांचं बी पडलं. पण किल्लेही एका माणसाच्या डोक्यातून एका दिवसात निघालेले नाहीत. कुठला दरवाजा फुटला, कुठल्या कड्यावरून माणसं चढली, ते पाहून पुढचे गड बांधले. सिंहगड १६७० साली आणि पन्हाळा १६७३ साली घेतला तो कड्यावरून रात्री चढूनच. कडा आहे म्हणून पहारा सैल होता. हा धडा जिंकणाऱ्यांनाही मिळाला की कडा म्हणजे पहारा नव्हे. झाडाला पिढ्या मरून जे कळतं ते माणसाला एखादा गड गमावून कळतं. फरक आहे, पण मला तो वेगाचा वाटतो.

रुईफूल
मला फुलपाखरांचा नाद आहे, तर माझ्या दारातल्या रुईबद्दल.

रुईला काटा नाही. तिची राखण चिकाची. पान तोडलं की पांढरा चीक भळभळतो, विषारी आणि चिकट. गाईगुरं तोंड लावत नाहीत. कोवळ्या अळीने पान कुरतडलं तर तिचं तोंडच चिकटून बसायचं. पण बिबळ्या कडवा या फुलपाखराची अळी काय करते पाहा. ती आधी पान खातच नाही. पानाची जाड शीर देठाकडच्या बाजूला चावून ठेवते. चीक तिथेच गळून जातो. पानाच्या पुढच्या भागाला पुरवठा बंद झाला की ती तिकडे सरकून निवांत खाते. मी भिंगातून हे पाहिलं तेव्हा मला वेढाच आठवला. तट फोडत बसायचं नाही, रसद तोडायची. देवगिरीचा गड एवढा अवघड, तरी १२९६ साली वेढ्यात अडकलेल्या रामदेवरायाला अल्लाउद्दीन खिलजीपुढे नमावं लागलं. कोठारात धान्याची म्हणून ठेवलेली पोती मिठाची निघाली अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी-खोटी काहीही असो, ती सांगणाऱ्यांना गड कुठे हरतो हे पक्कं ठाऊक होतं.

पुढचं अजून गंमतीचं. रुईचं विष पोटात साठवल्याने अळी आणि तिचं फुलपाखरूही कडू होतं. नारिंगी पंख, काळी कड, पांढरे ठिपके, ही सगळी पक्ष्यांना सूचना. आणि छोटा चांदवा नावाचं दुसरं फुलपाखरू, त्याची मादी हुबेहूब कडव्यासारखी दिसते. ती कडू नाही, पण पक्षी तिला सोडून देतात. मला अशा वेळी पन्हाळ्याचा शिवा काशीद आठवतो. १६६० च्या त्या पावसाळी रात्री महाराजांचं रूप घेऊन तो पालखीत बसला. फरक एवढाच की चांदव्याची मादी दुसऱ्याचं रूप घेऊन स्वतः वाचते. शिवा काशीदने रूप घेतलं ते मरण्यासाठी, आणि ते त्याला निघताना माहीत होतं. निसर्गाशी तुलना करताना हे मला विसरायचं नाही.

चुनागच्ची
रुईफूल ताई, शेवटचं वाक्य वाचून थांबलो.

आता बाभळीची सावली ताईंच्या आकडीकडे येतो, कारण मला तीच या धाग्यातली खरी मेख वाटते. राखण एका शत्रूसाठी घडते आणि दाराशी दुसराच येतो.

खवल्या मांजर घ्या. अंगभर खवले, आपल्या नखांसारख्याच द्रव्याचे, कौलांसारखे एकावर एक. बिबट्या आला की ते अंगाचं घट्ट वेटोळं करतं, डोकं-पोट आत, शेपूट वरून. पिल्लू असेल तर आई त्याला पोटाशी घेऊन त्याच्याभोवती वेटोळं करते. बिबट्या पंजा मारतो, लोळवतो, कंटाळून जातो. लाखो वर्षं हे चाललं. मग माणूस आला. त्याला ते वेटोळं उलगडायचंच नव्हतं, त्याने ते उचललं आणि पोत्यात टाकलं. पळालं असतं तर कदाचित वाचलं असतं. ज्या सवयीने वाचत आलं तीच सवय त्याला पोत्यापर्यंत घेऊन गेली. कायद्याने या प्राण्याला सगळ्यात वरचं संरक्षण आहे, तरी खवल्यांसाठी त्याची चोरटी शिकार चालूच आहे.

रायगडाचंही थोडंफार तसंच झालं. सतराव्या शतकातल्या तोफा आणि शिड्यांच्या हिशेबात तो गड बेलाग होता. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि तटावरून पलीकडे पडणारे, फुटणारे गोळे टाकले. महादरवाजाला त्यांना हातही लावावा लागला नाही. वाड्यांना आग लागली. १० मे रोजी गड गेला. ७५ फुटांचा बुरूज जसाच्या तसा उभा होता आणि आत आग चालली होती.

याची सूचना आधी मिळाली होती असं मला वाटतं. १६६५ साली मिर्झाराजे आणि दिलेरखानाने पुरंदर थेट घेतलाच नाही. आधी शेजारचा वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरच्या माचीवर मारा केला. राखण गडाची नव्हती, गड आणि त्याच्याशेजारची टेकडी अशी दोघांची होती.

रविवारची_मोहीम
चुनागच्ची काका, सगळं पटतंय. पण आम्ही पोरं दर रविवारी आमच्या तालुक्यातल्या किल्ल्यावर कोयता-फावडं घेऊन जातो, तर तिथला प्रश्न विचारतो. गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले. अकरा आपले, एक तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून गडांवर लोक वाढलेत आणि आमच्या गटातही पोरं वाढलीत. आता ठरतंय की गडाखालच्या उतारावरची सगळी काटेरी जाळी तोडून उतार मोकळा करायचा, म्हणजे तट खालून नीट दिसेल, फोटो चांगला येईल. धागा वाचल्यापासून माझा हात अडखळतोय. काय करावं?

चुनागच्ची
बाळा, विचारलंस ते फार बरं केलंस. उतारावरची जाळी तोडू नका.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या जुन्या ग्रंथात, गडांचं प्रकरण आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहा, दरवाजा खालून मारा होणार नाही असा ठेवा, चोरदिंड्या (लपवलेली छोटी दारं) करा, हे सगळं त्यात आहे. त्याच ओघात गडाखालच्या झाडीबद्दल लिहिलंय. ती झाडी म्हणजे गडाची राखण, ती मेहनतीने वाढवावी, तीतली एक काठीही तोडू देऊ नये, वेळप्रसंगी तिच्यात बंदूकवाले दडवता येतात. म्हणजे करवंद, चिल्हार, निवडुंगाची जी जाळी तुम्हाला कचरा वाटते ती त्या काळच्या लोकांच्या लेखी तटाचाच खालचा थर होती. तटाचे दगड जपायचे आणि हा थर तोडायचा, हे मला पटत नाही. शिवाय ती मुळं गेली की पावसाळ्यात उतार घसरू शकतो आणि त्याबरोबर तटाचा पाया.

तटावरचा वड-पिंपळ मात्र वेगळा. तो सांध्यात उगवतो, मूळ चुन्यात शिरतं आणि दगड आतून उचलतो. तो काढायलाच हवा. पण ओढून नाही. ओढलात तर मुळाबरोबर दगड येतो. बुंध्याशी कापायचा, मूळ आत मारायचं आणि पोकळी चुन्याने भरायची, सिमेंटने नव्हे. आणि हे पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी घेऊन, जाणत्या माणसासमोर. तोवर कोयता घरी.

बाभळीची सावली
आणि दादा, करवंदीची जाळी तोडली तर चैत्रात गडावर येणाऱ्या पोरांनी खायचं काय? तीत लाव्हे-तित्तिरही अंडी घालतात. त्यांचाही तो किल्लाच.

रविवारची_मोहीम
दोन आठवड्यांनी लिहितोय. गटात बरीच वादावादी झाली. दोघं रुसून आले नाहीत. पण उतार तोडायचं रद्द झालं. परवानगीचा अर्ज दिलाय, उत्तर यायचंय.

काल नुसती पाहणी केली. बुरजाच्या सांध्यांत उगवलेले सतरा पिंपळ आणि चार वड मोजले, प्रत्येकाचा फोटो घेऊन जागा वहीत टिपली. मग खालच्या जाळीच्या कडेने फिरलो. दरवाजाच्या बरोबर खाली जाळी सगळ्यात दाट आहे, करवंद आणि चिल्हार एकमेकांत गुंतलेली. मी वाकून आत शिरायचा प्रयत्न केला. चार हात गेलो असेन, तेवढ्यात चिल्हारीचा वाकडा काटा बाहीत अडकला, तो सोडवताना दुसरा पाठीत. उभं राहता येईना, मागे फिरता येईना. तिथून मान वर केली तर फांद्यांच्या फटीतून बुरजाची एक जंगी दिसत होती, थेट माझ्याकडे.